शून्यावरचा काटा

"हलला का काटा?" चौडप्पा गाडीखालून ओरडला.

"नाही रे. शून्यावरच आहे," स्टिअरिंगमागून सुब्राय मास्तर म्हणाले.

चौडप्पानं टाकीची तार पत्र्याला पुन्हा घासून टेकवली. असं केलं की टाकीत थेंब नसला तरी पेट्रोलचा काटा थेट दुसऱ्या टोकाला पळायला हवा. इतकी वर्षं शिरसीतल्या गॅरेजात तो हेच करत आला होता.

"आता?"

"आहे तिथंच."

कट्ट्यावर भागीरथीअक्का केळीच्या सोपाच्या दोऱ्यात अबोलीची माळ गुंफत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "चौडप्पा, उगीच कपडे मळवू नकोस. माझ्या माहेरचं नाव निघालं की या घरात काही म्हणून हलत नाही. मग काटा कसा हलेल?"

"अगं, भर घाटात पेट्रोल संपलं तर तू ढकलणार आहेस का गाडी?"

"टाकी काठोकाठ भरा, म्हणते मी!"

"आणि वाटेत गळली तर? काटा बंद असला तर कळणार कसं?"

"बघ, हे असं! मास्तरकी सुटली, वाद सुटला नाही."

चौडप्पा गाडीखालीच हसला. पण अक्कांचं दुःख त्याला ठाऊक होतं. गौरीचा सण परवावर आला होता. या दिवसांत माहेरहून लेकीला सुपातलं वाण मिळतं, बागिना म्हणतात ते. अक्कांचं माहेर घाट उतरून कुमट्याला. भाऊ ऐंशीला टेकलेला, त्यातून आता अंथरुणाला खिळलेला. दोन वर्षं अक्का गेल्या नव्हत्या. यंदाही चुकलं, तर पुढच्या गौरीला वाण द्यायला तो असेल की नाही, देव जाणे.

बसनं जावं, तर अक्का ऐकत नव्हत्या. "गौरीला बाईला माहेरी नवरा नेऊन सोडतो. पार्सलसारखी मी एकटी जायची नाही," हा त्यांचा हेका.

चौडप्पानं टाकीपासून मीटरपर्यंतची तार बदलली. टाकीतला तरंगा काढला, पुसला, हलवून पाहिला. ठणठणीत. पुन्हा तार टेकवली.

"नाही," मास्तर म्हणाले.

आता मात्र चौडप्पाच्या मनात पाल चुकचुकली. मास्तरांचं आणि मेहुण्याचं यक्षगानावरून वाजलं होतं. घाटावरचा खेळ भारी की किनाऱ्यावरचा, यावरून भर पंगतीत दोघं हमरीतुमरीवर आले होते. म्हातारा मुद्दामच तर नाही म्हणत नसेल?

छे! एका खोट्यासाठी अख्ख्या वर्गाला अंगठे धरून उभं करणारा माणूस तो. चौडप्पाचेही अंगठे त्यात होते. मास्तर नाही म्हणाले म्हणजे नाही. आपण डोकावून खात्री करणं हा त्यांचा अपमान झाला असता.

"मग मीटरच मेलं असणार," तो बाहेर येत म्हणाला. "माझ्याकडे दुसरं आहे. बसवून देतो, मास्तर. अक्कांना घेऊन जायचंच यंदा."

"बसव बाबा," मास्तर म्हणाले. "मी तोवर घोटभर धण्याजिऱ्याचा कषाय घेऊन येतो."

भिंतीला हात लावत ते आत गेले. चौडप्पानं डॅशबोर्डचे स्क्रू काढले आणि मीटर बाहेर ओढलं. त्या जागी मूठ जाईल एवढं भोक उरलं.

"अक्का, हे जरा धरा. काच जपा हं." आणि तारेचे जोड पक्के करायला तो पुन्हा गाडीखाली शिरला.

अक्का माळ गुंफता गुंफता बोलत राहिल्या. खरं तर त्यांना रडूच येत होतं.

"पूर्वी असे नव्हते रे. रोज फिरायला न्यायचे. आता गाडी सुरू करतात, अंगणात हातभर मागंपुढं करतात, बंद करतात. पेपर मलाच वाचायला लावतात. म्हणे, तुझ्या आवाजात बातमी गोड लागते. देवळात जाताना माझा हात सुटत नाही, गावातल्या बाया हसतात. एवढी माया आहे, तर एकदा माहेरी सोडायला काय होतं?"

चौडप्पाच्या दातात स्क्रू होता. तो नुसता हुंकारला.

मास्तर आले. बॉनेटवरून हात फिरवत दारापाशी गेले, सीटवर बसले.

"हं चौडप्पा, झालं का बसवून? टेकव तुझी तार."

चौडप्पा काही बोलायच्या आत अक्काच फणकारल्या, "टेकव, टेकव! बघू दे मला आज यांचं उत्तर."

खाली तार पत्र्यावर खट् करून वाजली. मास्तर पुढे वाकले. समोर बराच वेळ निरखून पाहत राहिले. मग त्यांनी सुस्कारा सोडला.

"नाही गं भागीरथी. देवाशपथ, नीट बघून सांगतोय. काटा शून्यावरच आहे."

माळेवरचा अक्कांचा हात थांबला. त्यांच्या मांडीवर, अबोलीच्या फुलांत, पेट्रोलचं मीटर पडलं होतं.