बांधावरचं आवण

२०१९ च्या आषाढात चांगोचं आवण कुजलं. वाफ्यात गुडघाभर पाणी होतं आणि लावणीसाठी वाढवलेली भाताची कोवळी रोपं पिवळी होऊन आडवी पडली होती. तो काठावर उभा राहून बघत होता. बाप जिथे पालापाचोळा पेटवून राब भाजायचा तिथेच त्याने भाजला होता. बाप जिथे बी फेकायचा तिथेच फेकलं होतं. पण मधल्या काळात वरच्या अंगाला फार्महाऊसचा रस्ता झाला, भराव पडला आणि पाण्याने आपली वाट बदलली. गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. चांगो तेव्हा तुरुंगात होता.

पंधरा वर्षांपूर्वी दारूने त्याला पुरतं गिळलं होतं. एका संध्याकाळी, विकून प्यायला मिळेल म्हणून, त्याने ठकूबाईच्या घरातला तांब्याचा हंडा उचलला. तिचा एकुलता एक मुलगा अक्षय दारात आडवा आला. तिथेच मुसळ उभं होतं. पुढचं सगळं, अक्षयचा जीव कसा गेला ते, चांगोने कोर्टात ऐकलं, कारण त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त चुलीवर शिजणाऱ्या भाताचा वास. गोड, दाट वास. तुरुंगात झोपेत तो यायचा, आणि चांगो दचकून उठून भिंतीला हात लावायचा.

सुटून आला तेव्हा बहीण जयवंता शेलूहून भेटायला आली. इतकी वर्षं शेत तिने राखलं होतं. तिने सरळ सांगितलं, गिऱ्हाईक दारात उभं आहे. एक हंगाम बघ. पिकलं तर राहा, नाही तर सही कर आणि गाव सोड. चांगोने मान डोलावली. शेत गेलं तर आपण कर्जतला कुठल्या गुत्त्यात जाऊन बसू, हे त्याला पक्कं माहीत होतं.

म्हणून तो आवण मागायला घरोघर फिरला. कुणी वाईट बोललं नाही. आमालाच पुरत नाय, असं प्रत्येकाने सांगितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. लहानपणचा दोस्त रोहिदास साजगावला कारखान्यात लागला होता, त्याने शेती कधीच सोडली होती. तो म्हणाला, "माझ्याकडं गवत हाय. ते लाव." दोघंही हसले.

एकाच दारात चांगो गेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेतावर आला तेव्हा धुकं खाली उतरलं होतं. भिवपुरीच्या वीजघराचा आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. बांधावर आवणाचे मुठे रचलेले होते. हिरवेगार, निथळणारे. माणूस कुणी नव्हतं. पुढच्या दोन सकाळीही तसंच झालं. आवणाकडे बघून घर ओळखता येत नाही, सगळ्यांचं हिरवं सारखंच. चांगोने वाकून लावायला सुरुवात केली.

कुणी ठेवलं ते कळेना. रोहिदासने शपथ घेऊन नाही म्हटलं. मग चांगोला वाटू लागलं, या घराने ठेवलं असेल, नाही तर त्या. तो सगळ्यांशी त्यांनीच दिल्यासारखा वागू लागला. रामभाऊंचा फुटलेला बांध त्याने न सांगता घातला. चिमाची रुतलेली गाय काढून दिली. श्रावणात लोक त्याला नावाने हाक मारू लागले, भादव्यात पडवीवर बसवून चहा देऊ लागले. ठकूबाईच्या शेताकडे मात्र तो मान वर करून बघत नसे.

आश्विनात भात निसवला, लोंब्या बाहेर आल्या. दुपारी वारा पडला होता. बांधावर बसल्या बसल्या चांगोचा डोळा लागला, आणि तो वास आला. दचकून त्याने भिंतीसाठी हात पुढे केला. हाताला लोंबी लागली. वास तिलाच होता, साऱ्या शेताला होता.

तो वासाचा भात गावात एकाच घरात होता. त्याचं बी त्या घराबाहेर कधी जात नसे. आईकडून मुलाकडे जायचं, एवढंच.

ठकूबाई पडवीत सुका जवळा निवडत होती. चांगो अंगणाच्या कडेला थांबला.

"काकी, वास आला," तो म्हणाला.

तिने मान वर केली नाही. "येल नाय तर काय. उरलं व्हतं, टाकलं."

"माझ्याच बांधावर?"

तिचा हात सुपात थांबला. "सगळ्यांच्या दारात गेलास. माझ्या दारात नाय आलास. मग मलाच यावं लागलं ना रं."

जवळा निवडून झाला तशी ती सूप घेऊन आत गेली. चुलीवर भात होता. ती त्याला बस म्हणाली नाही, आणि जा पण म्हणाली नाही.

गिऱ्हाईक परत गेलं. जयवंता आता दर दिवाळीला शेलूहून भावाकडे येते आणि जाताना तांदूळ नेते. रोहिदासची नोकरी चालू आहे, पण त्याने गवत काढून अर्धं शेत पुन्हा लावायला घेतलंय. ठकूबाई २०२३ च्या माघात गेली. तिच्या दिवसकार्याला रामभाऊ बोलता बोलता म्हणाले, चांगो सुटून आला त्या साली तिचं ओढ्याकाठचं खाचर पडीकच राहिलं होतं. अक्षय लावायचा, ते. चांगोने ऐकलं आणि उठून पाणी भरायला गेला.

तो अजून शेती करतो. चहा पितो, दुसरं काही नाही. दर आषाढात कुणाचं तरी आवण कुजतं, आणि सकाळी त्या माणसाच्या बांधावर मुठे दिसतात. चांगोचं एक खाचर मात्र दर साली लावायचं राहतं. ते रिकामं का, असं कुणी विचारलं की तो पायाचा चिखल धुता धुता सांगतो, "आवण कमी पडलं."