एक नंबर

दौंडजवळच्या एका दूध संघाच्या वेबसाइटवर सगळ्या संचालकांची नावं येतायत का, हे मशीनला आपोआप तपासता यावं म्हणून संघाचं संगणकाचं काम बघणाऱ्या पूनमने प्रत्येक नावामागे एक वेगळा छुपा नंबर लावला.

"चेअरमन मी, आन् मला शेवटचा नंबर?" हौसराव आप्पा गरजले.

"आप्पा, 'ह' शेवटीच येतो. आणि तो नंबर पानावर दिसत नाही, फक्त मशीनला कळतो."

"दिसत न्हाई, तर मग एक नंबर द्यायला तुझं काय जातंय?"

तिने दिला. चहाच्या टपरीवर हे कळताच बाकीचे संचालकही भांडून तोच एक नंबर घेऊन गेले.

पूनमने तपासणी लावली. मशीनने उत्तर दिलं, "संघात एकच संचालक सापडला."

आप्पा खुर्चीत ऐसपैस टेकले. "मशीनला बी कळलं म्हंजी!"