बाबांच्या कॉन्टेसातला एसी

"कॉन्टेसाले एसी बसवून राह्यलो, रिना. आता तं उन्हाळ्यात येशील ना?" बाबांनी फोनवर विचारलं. त्यांच्या जुन्या गाडीत फार उकडतं, असं मी सहा वर्षं सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते गेले.

जलदानविधीनंतर गाडी आणायला मी ब्रह्मपुरीच्या गॅरेजात गेले. भर मे महिन्याची दुपार होती. सीटवर बसताच डॅशबोर्डमधून गार हवा अंगावर आली.

"धनराजभाऊ, एसी बंद करा."

मिस्त्री बॉनेटमागून पुढे आला. "कायचा एसी, ताई? कॉम्प्रेसर नागपूरवरून आलाच नाई. पंख्याच्या वायरीबी सुट्याच आहेत."

हवा आणखी गार झाली. माझ्या श्वासाची वाफ दिसू लागली.

"बाबा," मी म्हणाले, "ऊन हे निमित्त होतं. मलाच यायचं नव्हतं."