बाळाला कोण घेणार

“अहो, उचलू नका त्याला. टाके उसवतील.”

सुनेने बाळाचं वाहतं नाक पुसून त्याला नुकतंच खांद्यावर टाकलं होतं. ती थबकली. दवाखान्याच्या बाकांवर समोर बसलेली बाई हात पुढे करून अर्धी उठली होती. मघाशीच तिने आपणहून ओळख करून दिली होती. बँकेत रोखपाल, शस्त्रक्रियेला सहा महिने झालेले, आज शेवटची तपासणी. छाती भरीव करून घेतली, हेही तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं होतं.

“सवय आहे,” सून म्हणाली.

“सवय गेली खड्ड्यात. मी पहिले कित्येक दिवस दुधाचं पातेलं उचललं नव्हतं.” मग ती सुनेच्या शेजारी ताठ बसलेल्या सासूबाईंकडे वळली. “आजी, तुम्ही घ्या की नातवाला.”

“मला नाही जमायचं,” सासूबाई म्हणाल्या. मांडीवरची पर्स त्यांनी छातीसमोर उभी धरली आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

रोखपाल बाईने ओठ मुडपले. ही कुठल्या जातकुळीतली सासू, ते तिने ठरवून टाकलेलं दिसलं.

शेजारणींनीही हेच ठरवलं होतं. शस्त्रक्रिया झाल्यापासून सासूबाईंनी बाळाला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. त्याने झेप घेतली की नुसतं एक बोट पुढे करायच्या. रात्री खोली सोडून बाहेरच्या आरामखुर्चीत झोपायच्या. कामासाठी परगावी गेलेला नवरा फोनवर विचारून थकला, “तुमचं दोघींचं काही बिनसलंय का?” त्याला अजून पत्ताच नव्हता. सगळं नीट भरून आलं की सांगू, असं ठरलं होतं.

आणि काल मलमपट्टी बदलताना डावीकडे लाली दिसली. हात लावला तर गरम. संध्याकाळी अंगात कणकण. बाळ झोपल्यावर सुनेने फोनवर नको नको ते सगळं वाचून काढलं. आत जंतू शिरले असतील तर बसवलेलं काढून टाकावं लागतं. म्हणजे एवढं सोसलेलं सगळं पाण्यात. आणि हा घाट घातला कोणी? तिनेच. डॉक्टर तिने शोधली, तारीख तिने घेतली, घरात खोटं तीच बोलली.

बाई उठून जवळ येऊन बसली. “घाबरलात?”

“थोडी.”

“पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, छातीवर कुणी दोन विटा ठेवून विसरून गेलंय. उशांचा डोंगर करून बसल्या बसल्या झोपायचं. हात वर जाईना, तर नवऱ्याने वेणी घातली. कशी घातली ते विचारू नका. एकदा तर रडले. म्हटलं, बरं चाललं होतं, कुठून ही अवदसा आठवली. मग एक दिवस शिंकले आणि लक्षात आलं, शिंकताना छाती धरलीच नाही मी. त्या दिवशी ती माझी झाली.”

सुनेला हसू फुटलं. सासूबाईंच्या ओठांचा कोपराही जरासा हलला, पण नजर खिडकीतच.

“का केलंत पण?” बाईने विचारलं.

सासूबाई खाकरल्या. सुनेने शब्द जपून टाकले. “पोहायचं होतं.”

“पोहायला हे कशाला लागतं?”

“पोहायला नाही लागत. त्या पोशाखात चारचौघांत उभं राहायला लागतं. कुणाकुणाला. आजवर दर सुट्टीत तलावाच्या काठावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळणं झालं. आता एक लालभडक पोशाख आणून ठेवलाय कपाटात. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही.”

“आजवर म्हणे. तुमचं वय ते केवढं,” बाई हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “सासूबाईंना पसंत नव्हतं वाटतं?”

“उलट. त्यांच्या मनात नसतं, तर झालंच नसतं.”

बाई त्या ताठ पाठीकडे अविश्वासाने पाहत राहिली.

तेवढ्यात नर्सने दार उघडून “या” म्हटलं. दोघी उठल्या.

“काही होत नाही बरं का,” बाई मागून म्हणाली. “आणि बाळाला...” पुढचं तिने सासूबाईंकडे पाहून गिळलं.

आत डॉक्टरीणबाईंनी लालीचं, तापाचं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि पडदा ओढला.

“इथे दुखतं?”

“नाही.”

“इथे?”

“थोडंसं.”

मग बराच वेळ नुसती हातमोज्यांची खसफस. सुनेने बाळाला घट्ट धरलं. काढावं लागेल. आता म्हणतील, काढावं लागेल.

“ही लाली चिकटपट्टीची आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कातडीला मानवलेली नाही, दुसरी देते. आत काही झालेलं नाही, जखम उत्तम भरतेय. आ करा बघू. घसा लाल आहे, कणकण त्याची. घरातल्या बाळाची सर्दी घेतलीत तुम्ही. काढायचंबिढायचं काही नाही.”

सून मिळेल त्या स्टुलावर टेकली. डोळे वाहू लागले, ते तिने बाळाच्या टोपड्याला पुसले. बाळाने तिच्या कडेवरून पडद्याकडे झेप घेतली. पडद्याच्या फटीतून ओळखीचं एक बोट बाहेर आलं, बाळाने ते मुठीत धरलं, आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, “मग डॉक्टर, तो लाल पोशाख घालायला मी मोकळी ना?”