सोइलाची पांढरी सदाफुली

सोइलाने सात फुलं मिग्दालियाच्या ओंजळीत टाकली, आणि त्यातली चार गुलाबी निघाली.

मिग्दालिया खालच्या मजल्यावरची. नातीचे डोळे सकाळी चिकटलेले, म्हणून ती वर फुलं मागायला आली होती. डोळ्यांना पांढरीच सदाफुली लागते. फुलं पाण्यात घालून रात्रभर दवात ठेवायची आणि सकाळी त्या पाण्याने डोळे धुवायचे. गुलाबी चालत नाही, हे आमच्या मातान्सास शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग सोइलाला ठाऊक नसेल? तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे डोळे तिच्या फुलांवर निभावले. तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत, एका बिनकानाच्या पातेल्यात तिची रोपं. चुकून एखादं गुलाबी उगवलं तर ती ते मुळासकट उपटायची, वर दोन शिव्याही हासडायची. गुलाबी शेजारी राहिली की पुढच्या बियांचा भरवसा नाही, म्हणायची.

"काय गं, म्हातारपणी मन मोठं झालं वाटतं तुझं," मिग्दालिया म्हणाली. "गुलाबींनाही घरात घेतलंस?"

"कुठे आहे गुलाबी?" सोइलाने विचारलं.

ती गॅलरीत भर उन्हात उभी होती. तिच्या समोरच्याच डब्यात गुलाबी फुलं लख्ख फुललेली, आणि तिचा हात त्यांच्यावरच होता.

मिग्दालिया आधी हसली. मग तिने दोन बोटं सोइलाच्या तोंडासमोर धरली. सोइला तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत राहिली.

"कधीपासून?"

सोइला डब्यातल्या मातीत बोट खुपसून ओल बघू लागली. "हळू बोल. ओदालिस आत बॅग भरतेय."

"कधीपासून, विचारतेय मी."

"वर्ष झालं असेल. आधी कडेकडेचं दिसेना. धुतेय की रोज. होईल कमी."

"वर्षभर नुसत्या फुलांच्या पाण्यावर? अगं बाई, डॉक्टर कोपऱ्यावर बसतो."

"त्याच्या आईचे डोळे मी बरे केलेत. आता त्याच्या दारात जाऊन काय सांगू? माझं पाणी मलाच लागू पडेना म्हणून?"

मिग्दालियाला तिचा रागही आला आणि भडभडूनही आलं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या इमारतीत आल्या होत्या.

"माझ्या लेकीला यातलं काही सांगायचं नाही," सोइला म्हणाली. तिचा हात मिग्दालियाचं मनगट चाचपडत होता. "तीन वर्षं नवरा तिकडे परदेशात, मोंतेविदेओत वाट बघतोय. आता कुठे कागद हाती आलेत, गुरुवारी विमान आहे. हिला कळलं तर ही जायची नाही, आणि हिचं घर मोडायला मी कारण व्हायचं नाही. शपथ घे."

"घेतली शपथ," मिग्दालिया म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात ओदालिस बाहेर आली. चाळिशीची बाई, केस फडक्यात बांधलेले, हातात अर्धवट घडी घातलेला लोकरीचा स्वेटर.

"मावशी, कॉफी टाकू?" असं विचारता विचारता तिची नजर मिग्दालियाच्या ओंजळीवर गेली, मग डब्यांवर. मिग्दालियाने पटकन मूठ मिटली.

"नको गं. पोरगी रडत असेल," म्हणून ती निघालीच.

जिन्याच्या वळणावर ओदालिसने तिला गाठलं. अनवाणीच धावत आली होती.

"किती निघाली गुलाबी?"

मिग्दालियाने फुलांची मूठ पाठीमागे नेली. आत्ताच तर शपथ घेतलेली.

"मला ठाऊक आहे, मावशी. जानेवारीपासून रोज पहाटे, ती उठायच्या आत, गुलाबी तेवढी मी खुडतेय. कुणाच्या लक्षात येऊन तिची शोभा नको व्हायला. रोपंच उपटली असती, पण मग रिकामा डबा तिच्या हाताला लागला असता. आज बॅगेच्या नादात राहून गेलं."

"जानेवारीपासून," मिग्दालिया म्हणाली. "आणि डॉक्टरचं नाव एकदाही काढलं नाहीस?"

"काढलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. आणि डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं असतं तर..." तिने खिशात हात घातला. "व्हिसा या महिन्यापुरताच आहे, मावशी."

तिने खिशातून घराची एक किल्ली काढून मिग्दालियाच्या मोकळ्या हातात ठेवली. किल्ली नवी कोरी होती, कडा बोटाला टोचत होत्या. कधी करून घेतली होती कोण जाणे.

"शुक्रवारपासून तुम्ही याल? साडेसहाच्या आत यायचं, मग ती उठते."

"फुलं खुडायला मी येणार नाही," मिग्दालिया म्हणाली. शपथबिपथ ती विसरली होती, आवाज चढला होता. "मी तिला दंडाला धरून कोपऱ्यावर नेणार आहे. रडू दे, शिव्या घालू दे, सगळी गल्ली बघू दे. आत्ताच नेते. चल, तूही चल."

ओदालिसने वर, घराच्या दाराकडे पाहिलं. मग मिग्दालियाची बोटं तिने किल्लीवर घट्ट मिटवली.

"न्या," ती म्हणाली. "पण विमान सुटल्यावर."