टेबलावरचं सोनं

सिंधूकाकूंनी हातातल्या दोन्ही पाटल्या काढल्या आणि विश्वासच्या टेबलावर ठेवल्या. मग बोटातली अंगठी. मग कानातल्या कुड्या. डाव्या कुडीची फिरकी घट्ट बसली होती. काकू ती शांतपणे फिरवत राहिल्या आणि विश्वास नुसता बघत राहिला.

"काकू, हे काय?"

"दिसत नाही? सोनं आहे. फायली सरकव तिकडे, अजून बायका आहेत."

काकूंच्या मागे प्रमिलाबाई होत्या. त्यांच्या मागे मिसरोदहून दोन बस बदलून आलेल्या कमलिनीबाई. व्हरांड्यात आणखी रांग. सगळ्या साठीच्या आसपासच्या, सगळ्यांची सुती पातळं कंबरेला घट्ट खोचलेली. कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं पास मागितला होता. "तू रांगता था ना, तबसे मैं इस गेट से आती-जाती है," असं काकूंनी त्याला सुनावलं आणि तो बाजूला झाला. भोपाळात तीस वर्षं काढूनही काकूंची हिंदी नागपूरच्या पुढे सरकली नव्हती. पण तिच्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

एक्याण्णवचा जुलै होता. विश्वास काकूंच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. शिकला, इंजिनिअर झाला आणि त्याच कारखान्यात कॉइल विभागाचा साहेब झाला. धरणावरच्या वीजघराचा मोठा जनरेटर त्याच्या हॉलमध्ये अर्धवट पडला होता. तांब्याच्या कॉइलींवर जी अभ्रकाची टेप गुंडाळतात ती परदेशातून यायची. ती येईना. देशानं बाहेर उसनवारी इतकी करून ठेवली होती की हप्ते भरायला डॉलर उरले नव्हते. मोठी माणसं अशा गोष्टींना मोठी नावं देतात. पण जे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे घडतं तेच जगाच्या बाजारात घडलं. उधारी थकली की मीठसुद्धा रोखीनं. परदेशी कंपनीचा टेलेक्स आला, तुमच्या बँकेची हमी चालणार नाही, आधी डॉलर, मग माल. डॉलर दिल्लीतच नव्हते, ते पिपलानीतल्या या कारखान्यात कुठून येणार? त्यात रुपयाची किंमत एकाच आठवड्यात दोनदा उतरवली, म्हणजे तीच टेप आणखी महाग.

विश्वासनं देशी टेप मागवून पाहिली. मशीनवर चढवली की तुटायची. वरून निरोप आला, महिनाअखेर कॉइली झाल्या नाहीत तर काम दुसरीकडे द्यायचं, विभागाला टाळं लावायचं आणि माणसं मिळेल तिथे पाठवायची.

टाऊनशिपमध्ये बातमी कुकरच्या शिट्टीआधी घरोघर पोचते. त्याच दिवसांत पेपरात आलं की देशाचं सोनं परदेशी नेऊन गहाण टाकलं. महिला मंडळात त्या दिवशी भजनाला सूर लागला नाही. घरातलं सोनं गहाण पडलं तर बाई सख्ख्या जावेलाही कळू देत नाही. इथे तर सगळ्या जगाला कळलं होतं.

तेव्हा विश्वासला जे वाटलं ते वाटायला जागा होती. चीनच्या लढाईत त्याच्या आईनं हातातले गोट देशासाठी उतरवून दिले होते, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं काकूंच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र नव्हतं. पिवळ्या दोऱ्यात एक हळकुंड बांधलं होतं. प्रमिलाबाईंच्या गळ्यातही तेच. कमलिनीबाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि आपलं मंगळसूत्र हलकेच बाकीच्या सोन्यावर ठेवलं. नवरे सगळ्यांचे धडधाकट. दत्तात्रयकाका तर आत्ताच काकूंना सायकलवरून गेटपर्यंत सोडून गेले होते.

विश्वास उठून उभा राहिला. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"काकू, उचला हे," तो म्हणाला. "दिल्लीवाल्यांनी करून ठेवलेलं तुम्ही का निस्तरायचं? आणि एवढ्यानं टेप येणार नाही हो. तुमचं मन कळलं, तेच खूप झालं. मंगळसूत्रं तरी गळ्यात घाला, मी पाया पडतो तुमच्या."

आणि खरंच तो वाकला.

काकूंनी पाय मागे घेतले. या बाईची उमेदीची वर्षं याच हॉलमध्ये गेली होती. पुढे परदेशी मशीन आलं, तेव्हा तिला आणि या सगळ्यांना उचलून स्टोअरमध्ये बसवलं, आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. त्याबद्दल काकू कधी कुणाला एक शब्द बोलल्या नव्हत्या. काकू ज्यावर बोलल्या नाहीत अशा गोष्टी फार थोड्या.

प्रमिलाबाई पदराआड हसायला लागल्या. "अगं सिंधू, साहेब रडतोय की गं!"

"रडू दे. आईवर गेलाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. "विश्वास, तुला सोनं देतंय कोण? कपाटात ठेव, कुलूप लाव आणि किल्ली खिशात घाल. संध्याकाळी घरी जाताना आम्ही घेऊन जाऊ. धातूचा कण जरी गुंडाळीत राहिला तरी जनरेटर सुरू होताच कॉइल फुटते, म्हणून आम्ही हळकुंड बांधूनच कामावर यायचो. आण ती तुझी देशी टेप. मशीनच्या ओढीनं तुटते ना? आम्ही हातानं गुंडाळतो."