बॉरो आणि लेंड

दोघींना विषय एकच मिळाला होता. बॉरो आणि लेंड, या दोन इंग्रजी शब्दांतला फरक सातवीच्या वर्गाला शिकवून दाखवायचा. शिक्षिकेची जागाही एकच होती.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दीक्षा पाटणहून आलेली, अंकिता बर्गे कोरेगावातल्याच. दीक्षाच्या हाताला घाम सुटलेला बघून अंकिताताईंनी आपला रुमाल पुढं केला.

"पहिल्यांदाच आलायसा?"

"चौथी शाळा, ताई. येतंय सगळं मला. पण पोरं समोर आली की तोंडातनं शब्द फुटत न्हाई. वडील म्हणत्यात, आता बास, पुण्याला कंपनीत लाग."

"मी बी पाच वर्षं झाली, ह्याच शाळंत जागा निघायची वाट बघतीय," अंकिताताई हसून म्हणाल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तशा त्या पाण्याची बाटली भरायला गेल्या. जरा उशिरानंच आल्या.

पहिला पाठ त्यांचा. खणखणीत झाला. दाराबाहेर ऐकता ऐकता दीक्षाचं उरलंसुरलं अवसान गळालं.

मग तिची पाळी. तिनं फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, वर्गाकडं वळली, आणि व्हायचं तेच झालं. मराठीत दोन्हीला आपण उसनंच म्हणतो, एवढं बोलून बाईंची गाडी थांबली ती थांबलीच. मागं बसलेल्या मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, शेजारची काकू आमच्याकडं साखर मागाय येती. मग बॉरो कोण करतंय, ती का आमी?"

"ये, तूच पुढं ये!" दीक्षाला एकदम वाट सापडली. दुसऱ्या मुलीला तिनं काकू केलं, कंपासपेटीची वाटी केली. काकू घेते ती बॉरो करते, आमच्याकडून, म्हणून सोबत फ्रॉम. आम्ही देतो ते लेंड, काकूला, म्हणून सोबत टू. बघता बघता सगळा वर्ग पट्ट्या, खोडरबर द्यायघ्यायला लागला. पाठ संपला तरी पोरांचे हात वरच.

दुपारी मुख्याध्यापकांनी दीक्षाचं नाव सांगितलं. "वर्ग बोलता केलात," म्हणाले. अंकिताताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या गडबडीनं निघून गेल्या.

दीक्षाचे डोळे भरून आले. वडिलांना फोन करायच्या आधी ती त्या मुलीला शोधत गेली. शाळा सुटली होती. मुलगी व्हरांड्यात दप्तर खांद्याला अडकवत होती.

"तुझे उपकार मी कवाच विसरायची न्हाई बघ. कसा गं सुचला तुला तो प्रश्न?"

मुलगी लाजली. "मला कुठं सुचला? मधल्या सुट्टीत आईनं सांगितला. म्हणली, पाटणच्या मॅडम अडकल्या तर इचार."

"आईनं? कुठं हाय तुझी आई?"

मुलीनं फाटकाकडं बोट केलं. तिथं स्कूटीवर बसून अंकिताताई तिची वाट बघत होत्या.